काझानलकचे काका

रुमानियातल्या जुर्जू गावाकडून आमची गाडी डॅन्यूबच्या पुलावर चढली आणि इतका वेळ अखंड बोलणारी माझी मैत्रीण गप्प झाली. पुलाची दुरुस्ती चालू होती. एकाच मार्गिकेवरून आळीपाळीनं गाड्या सोडत होते, पुढे मालट्रकांची ही लांब रांग. तिनं पर्समधून पासपोर्ट काढला आणि मांडीवर ठेवला. तिचं बघून मीही माझा निळा पासपोर्ट आणि जर्मनीतल्या रहिवासाचं कार्ड हातात घेतलं. पूल संपला, बल्गेरियातलं रुसे शहर सुरू झालं, चौक्या मागे पडल्या. कुणी काही विचारलंच नाही. १ जानेवारी २०२५पासून या दोन देशांमधली रस्त्यावरची तपासणी उठली होती. हे मला आदल्या रात्री तिनंच सांगितलं होतं. तरी गाव ओलांडून गेलो तरी तिचा पासपोर्ट मांडीवरच होता.

त्याच्या मुखपृष्ठावर तीन सिंहांचं राजचिन्ह आहे. खाली फितीवर बारीक अक्षरं. काय लिहिलंय, मी विचारलं. 'सएदिनेनिएतो प्रावी सिलाता,' ती म्हणाली. सोफियाच्या संसदेवरही हेच कोरलंय. अर्थ ऐकल्यावर मला आमच्या शाळेतला सुविचाराचा फळा आठवला. एकी हेच बळ.

ती आणि मी जर्मनीत एकाच रुग्णालयात काम करतो. मी प्रयोगशाळेत, ती वॉर्डात नर्स. तिचं माहेर काझानलकचं, बाल्कन डोंगररांगेच्या दक्षिण पायथ्याचं. मे संपत आला की तिकडे गुलाबाची तोडणी असते. 'एकदा चल, बाबांना भेट. तुमच्या लाल बावट्याच्या गोष्टी त्यांना ऐकायच्यात,' असं ती तीन वर्षं म्हणत होती. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचे चालवायचे. त्यांच्या पिढीच्या लाल बावट्यावाल्यांना बल्गेरियातलं एक नाव पाठ होतं, दिमित्रोव्ह. राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीच्या आगीच्या खटल्यात, १९३३मध्ये लाइपझिगला, हिटलरच्या राज्यात उभं राहून स्वतःची बाजू स्वतः मांडणारा आणि निर्दोष सुटणारा छापखान्यातला कामगार. एवढ्या एका नावाच्या ओळखीवर मी बल्गेरियाला निघाले होते.

तिचे वडील आयुष्यभर लेथवर काम करून निवृत्त झालेले, कामगार संघटनेतले, आणि जन्मभराचे समाजवादी. मी त्यांना पहिल्याच संध्याकाळी काका म्हणायला लागले. काकू नर्स होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी काचेच्या बशीत गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा आणला. चमचाभर तोंडात घातला आणि मी नकळत मराठीत बोलून गेले, 'अगं, हा तर गुलकंद!' मग गुलकंद म्हणजे काय, विड्यात तो कसा घालतात, विडा म्हणजे काय, हे सगळं मैत्रिणीला भाषांतर करत बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्ही शेतात होतो. पाकळ्यांवर दव असतं तोवरच तेल टिकतं. ऊन चढलं की उडतं, म्हणून दहाच्या आत तोडणी उरकावी लागते. फूल देठापाशी बोटांच्या चिमटीत धरून मोडायचं. टच असा अगदी बारीक आवाज येतो. अर्ध्या तासात माझी बोटं काट्यांनी भरली, आणि पिशवीत जेमतेम तळ झाकला होता. शेजारच्या ओळीत तोडणाऱ्या बाया बहुतेक रोमा या वंचित अल्पसंख्य समाजाच्या, त्यांची पोती भरत आली होती. मजुरी किलोवर. एक किलो तेलाला साडेतीन हजार किलोंच्या आसपास फुलं लागतात. तेल पॅरिसला जातं, तोडणारीला किलोमागे काही नाणी मिळतात. काकांनी हे शेतात उभं राहून सांगितलं, आणि तेव्हाच डोंगराकडे बोट दाखवलं. कड्यावर धुक्यात राखाडी रंगाची एक प्रचंड तबकडी दिसत होती.

ते बुझलुजा. शिप्का खिंडीतून दहा-बारा किलोमीटर आत. दुपारी आम्ही तिथे गेलो.

या एका माथ्यावर इतका इतिहास साचला आहे की कुठून सांगावं कळत नाही. १८६८मध्ये तुर्की सत्तेविरुद्ध उठलेला हाजी दिमितर इथे लढताना पडला. १८९१च्या ऑगस्टमध्ये, त्याच्या स्मरणाला जमलेल्या गर्दीच्या आडोशानं, दिमितर ब्लागोएव्ह नावाचा शिक्षक आणि त्याचे मूठभर सोबती इथे गुपचूप भेटले आणि त्यांनी बल्गेरियातला पहिला समाजवादी पक्ष स्थापन केला. याच पक्षाचे वारस पुढे सत्तेवर आले आणि ९० वर्षांनी, १९८१मध्ये, त्यांनी डोंगराचा माथा सुरुंगानं सपाट करून त्या भेटीचं हे स्मारक उभारलं. आत भिंतभर मोझेक, छतावर विळा-हातोडा आणि त्याभोवती गोल अक्षरांत 'जगातील कामगारांनो, एक व्हा.' आठ वर्षांत राजवट गेली, आणि पुढे स्मारक ओस पडलं. आता छप्पर फाटलंय, दार बंद आहे. दर्शनी भिंतीवर इंटरनॅशनल या कामगारांच्या गीताच्या ओळी होत्या, त्यांतली बरीचशी अक्षरं गळून पडली आहेत.

काका त्या भिंतीखाली फार वेळ थांबले नाहीत. 'ब्लागोएव्हला आम्ही द्यादो म्हणतो, म्हणजे आजोबा,' ते म्हणाले. 'आजोबांना हे काँक्रीट आवडलं नसतं.' मग गवतात बसून त्यांनी मला जे सांगितलं, त्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला.

१९१०च्या जानेवारीत बेलग्रेडमध्ये बाल्कनमधल्या समाजवाद्यांची परिषद भरली. सर्बियन, बल्गेरियन, रुमानियन असे सगळे. तिथे ठरलं की या लहान लहान देशांनी राजांच्या नादी लागून एकमेकांचे गळे धरू नयेत, आपसातल्या सीमा काढाव्यात आणि बाल्कन लोकांचं एक संघराज्य करावं. तीन वर्षांच्या आतच पहिलं बाल्कन युद्ध पेटलं. त्यापाठोपाठ, १९१३मध्ये, काल एका बाजूनं लढलेले देश एकमेकांवर तुटून पडले. १९१५मध्ये बल्गेरिया जर्मनीच्या बाजूनं महायुद्धात उतरला. संसदेत युद्धखर्चाच्या मागण्या आल्या तेव्हा ब्लागोएव्हच्या लोकांनी विरोधात मत दिलं. जर्मनीच्या, फ्रान्सच्या मोठमोठ्या समाजवादी पक्षांनी १९१४मध्ये नेमकं उलट केलं होतं. तरुण दिमित्रोव्ह त्या बल्गेरियन खासदारांत होता. पुढे युद्धविरोधासाठी १९१८मध्ये त्याला तुरुंगात टाकलं. 'युरोप एक करायचा विचार युरोपियन युनियनच्या ब्रसेल्सला सुचला असं आमच्या पोरांना वाटतं,' काका म्हणाले. 'आमच्या आजोबांनी तो त्यांच्या आधी, मार खाऊन मांडला होता.'

त्या परिषदेच्या विचारामागे ख्रिस्तियान राकोव्स्कीही होते. जन्म बल्गेरियातल्या कोतेलचा, पक्ष बांधला रुमानियात. आम्ही आदल्या दिवशी ओलांडलेल्या नदीच्या दोन्ही काठांचा माणूस. पुढे ते सोव्हिएत संघाचे लंडनला प्रतिनिधी आणि पॅरिसला राजदूत झाले. १९४१मध्ये स्टालिनच्या हुकमानं त्यांना गोळ्या घातल्या. क्रस्त्यो पास्तुखोव्ह हे बल्गेरियातले सोशल डेमोक्रॅट नेते, नव्या कम्युनिस्ट सत्तेवर लिहिलं म्हणून १९४६मध्ये तुरुंगात गेले, १९४९मध्ये स्लिव्हेनच्या तुरुंगात त्यांचा खून झाला. काकांनी ही दोन नावं सावकाश घेतली. पास्तुखोव्ह तुरुंगात होते त्यातला बराचसा काळ लाइपझिगचा नायक दिमित्रोव्ह देशाचा सत्ताधीश होता, हेही त्यांनी वगळलं नाही. माझ्या आजोबांच्या बोलण्यात दिमित्रोव्ह होता. पास्तुखोव्ह कधी आला नाही. तो यायला हवा होता, असं मला तिथे बसल्या बसल्या फार तीव्रतेनं वाटलं.

परतताना मी विचारलं, मग तुम्ही युरोपियन युनियनच्या बाजूनं आहात की विरोधात? काकांना हा प्रश्न आवडला नाही. 'घराच्या बाजूनं आहेस की विरोधात, असं कुणी विचारतं का? छप्पर गळत असेल तर गळतंय म्हणायचं.'

हे ऐकायला सोपं आहे. पण त्यामागचा जमाखर्च काकांनी रात्री जेवणाच्या टेबलावर मांडला आणि त्यात आपल्या पक्षाला जराही सवलत दिली नाही. १९९५च्या डिसेंबरात बल्गेरियानं सदस्यत्वाचा अर्ज केला तो समाजवादी सरकारच्याच काळात. त्याच सरकारच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९९६-९७मध्ये, बँका बुडाल्या, लेव्ह हे देशाचं चलन कागदाच्या मोलाचं झालं, महिन्याचा पगार काही डॉलरांवर आला. काकू दुधासाठी रांगेत उभ्या राहायच्या, आणि पुढचा माणूस पिशवी घेऊन निघेपर्यंत दुकानदार पाटीवरचा भाव बदलायचा. मग १ जानेवारी २००७ला देश युरोपियन युनियनमध्ये गेला तेव्हाही पंतप्रधान समाजवादी होते. आणि २००८मध्ये समाजवाद्यांच्याच नेतृत्वाखालच्या आघाडीनं सगळ्यांना सरसकट दहा टक्के आयकर लावला. कारखान्याच्या मालकाला दहा टक्के, कारखाना झाडणारीलाही दहा टक्के. काकांनी त्या वर्षी पक्षाचं कार्ड परत केलं. 'हे आम्हाला ब्रसेल्सनं करायला लावलं नव्हतं,' ते म्हणाले. 'हे आम्ही आपल्या हातानं केलं. म्हणून जो उठतो तो युरोपला शिव्या देतो, ते मला पटत नाही.'

तेवढ्यात काकू स्वतःहून बोलायला लागल्या. दिवसभर त्या फारशा बोलल्या नव्हत्या. नर्सचा पगार इतका कमी की महिन्याच्या वीस तारखेला घरात फक्त वाल उरायचे. पण संप करायचा नाही. आरोग्यसेवा, वीज, दळणवळण या क्षेत्रांतल्या लोकांना कायद्यानं संपाची जवळजवळ बंदीच होती. २००५मध्ये देशातल्या दोन मोठ्या कामगार महासंघांनी युरोपातल्या महासंघाला बरोबर घेऊन स्ट्रासबुर्गच्या सामाजिक हक्क समितीकडे तक्रार केली. २००६मध्ये निकाल लागला की ही बंदी युरोपीय सामाजिक सनदेत बसत नाही. (ही समिती कौन्सिल ऑफ युरोप या वेगळ्या संघटनेची, युरोपियन युनियनची नव्हे. दोन्हींत फार गल्लत होते. माझीही व्हायची.) 'तिकडे दूर कुणीतरी कागदावर लिहिलं,' काकू म्हणाल्या, 'की मी माझ्या रोग्यांशी बेइमानी न करताही माझ्या पगारासाठी उभी राहू शकते. तो कागद मी वाचला नाही. पण त्या दिवशी वॉर्डात आम्ही सगळ्या जणी एकदम ताठ चालत होतो.'

सामाजिक हक्क हा शब्द मी त्याआधी शेकडो वेळा वाचला असेल. २०१७मध्ये गोथेनबर्गला युरोपियन युनियननं वीस तत्त्वांचा सामाजिक हक्कांचा आधारस्तंभ जाहीर केला, २०२२मध्ये पुरेशा किमान वेतनाचा निर्देश काढला, हे सगळं माहितीत जमा होतं. बायांची चाल बदलते, हे मला काकूंनी सांगितलं.

त्यांच्या लेकीनं टेबलावरच हिशेब केला. युनियनमध्ये गेले तेव्हा बल्गेरियातलं किमान वेतन महिना १८० लेव्ह. २०२५मध्ये १,०७७, म्हणजे साधारण ५५० युरो. वाढलं, खूप वाढलं. पण जर्मनीत त्याच वर्षी तासाला १२.८२ युरो किमान, म्हणजे महिन्याला चौपट. 'म्हणून मी तिकडे,' ती म्हणाली आणि उठून ताटं गोळा करायला लागली. काका टेबलक्लॉथवरचा चुरा हातानं एका जागी करत राहिले. १९८९च्या सुमारास देशाची लोकसंख्या नव्वद लाखांच्या घरात होती. २०२१च्या जनगणनेत ती ६५ लाख २० हजारांवर आली. माझ्या कोकणातल्या आजोळी वाडीत चौदा घरं आहेत, त्यांतली नऊ बंद. काकांच्या गल्लीत मी तशीच कुलपं मोजली होती, म्हणून मला त्या आकड्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. 'ब्लागोएव्ह सीमा काढा म्हणत होता, ते लोकांनी एकमेकांकडे यावं-जावं म्हणून,' काका म्हणाले. 'आमच्याकडून नुसतंच जाणं झालं. ज्या देशानं तिला नर्स केलं त्याच्याकडे नर्स नाही. माल फिरतो, पैसा फिरतो, माणूस फिरतो. निवृत्तिवेतन मात्र जिथल्या तिथेच आहे.'

मला या बोलण्यात युरोपद्वेष कुठेच दिसला नाही. एकीकरण मागणाऱ्या माणसाला ते अर्धवट मिळालंय, अशी ती तक्रार होती.

आणखी एक गोष्ट. दुपारी शेतातल्या रोमा बायांबद्दल बोलताना काकांनी दुपनित्सा गावाचं नाव काढलं होतं. तिथे एका वस्तीत वीज कंपनीनं मीटर खांबांवर सहा-सात मीटर उंच बसवले. गावात इतरत्र ते माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर होते. कारण एवढंच की वस्ती रोमांची, आणि हे लोक वीज चोरणार असं गृहीत धरलेलं. वस्तीचं नाव गिझ्दोव्हा महाला. महाला म्हणजे आपला मोहल्लाच, शब्द तुर्कांबरोबर तिकडे गेला. तिथं किराण्याचं दुकान चालवणाऱ्या एका बाईनं खटला भरला. ती स्वतः रोमा नव्हती. स्वतःचं मीटर बघता येत नाही, बिलाची खात्री करता येत नाही, आणि आपल्या मोहल्ल्यावर चोरीचा शिक्का बसतो, हे तिला सहन होईना. २०१५मध्ये लक्झेंबर्गमधल्या युरोपियन युनियनच्या न्यायालयानं सांगितलं की वस्तीच्या वंशावरून असा भेद झाला असेल, तर तो सोसणारा प्रत्येक जण दाद मागू शकतो, मग तो त्या वंशाचा असो वा नसो. मला हा निकाल कुठल्याही घोषणेपेक्षा मोठा वाटतो. खांबावर चढवलेलं मीटर खाली आणण्यासाठी परक्या देशातलं न्यायालय आपलं म्हणावं, यालाच मी एकीकरण म्हणेन.

शांततेबद्दल मात्र काकांचं आणि माझं जमलं नाही. काझानलक गुलाबांचं गाव आहे, तसंच बंदुकांचंही. इथला आर्सेनल हा शस्त्रांचा कारखाना १९२४मध्ये सोफियाहून इथे आला. रशियानं २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला केला तेव्हापासून जुन्या सोव्हिएत मापाच्या दारूगोळ्याला प्रचंड मागणी आली. गावातल्या पोरांना काम मिळालं, पगार वाढले, दुकानं पुन्हा उघडली. काकांच्या जुन्या पक्षानं युक्रेनला शस्त्रं द्यायला विरोध केला, आणि काकांचाही विरोध आहे. १९९९च्या एप्रिलमध्ये कोसोव्होच्या युद्धात नाटोचं एक क्षेपणास्त्र वाट चुकून सोफियाच्या गोर्ना बान्या भागातल्या घरावर पडलं होतं. छप्पर उडालं, सुदैवानं कुणी गेलं नाही. काका ते विसरलेले नाहीत. 'शस्त्रं पाठवून शांतता आली असं एक तरी उदाहरण दाखव.' मी म्हटलं, ज्याच्या घरात सैन्य घुसलंय त्यानं रिकाम्या हातानं काय करायचं? १९१५ला ब्लागोएव्हनं 'नाही' म्हटलं ते स्वतःच्या सरकारच्या युद्धाला. हल्ला झालेल्या शेजाऱ्याला 'नाही' म्हणणं वेगळं. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'मी म्हातारा आहे. माझ्या गावातली रोटी कुणाच्या तरी मरणावर शेकली जाते आहे, एवढंच मला दिसतं.' मला ते अजूनही पटलेलं नाही. पण ते वाक्य माझी पाठ सोडत नाही.

आणि मग निजायच्या आधी, अंगणात, त्यांनी कारखान्यातल्या हजेरीची गोष्ट सांगितली. १९८४च्या हिवाळ्यापासून झिव्कोव्हच्या कम्युनिस्ट सरकारनं बल्गेरियातल्या तुर्कांची नावं सक्तीनं बदलायला घेतली. शेजारच्या लेथवर त्यांचा दोस्त होता, दोस्ती पंधरा वर्षांची. एके सकाळी हजेरीच्या फळ्यावर त्याच्या जागी नवीन स्लाव्ह नावाचं कार्ड लटकत होतं. तो आला, फळ्यापुढे उभा राहिला, आपलं कार्ड शोधत राहिला. जागा तीच होती, पण त्याचा हात कार्डाकडे जाईना. शेवटी काकांनीच ते काढून त्याच्या हातात दिलं. 'मदत म्हणून दिलं मी,' ते म्हणाले. 'तेव्हा मला ती मदत वाटली.' १९८९च्या उन्हाळ्यात साडेतीन लाखांहून जास्त लोक तुर्कस्तानला निघून गेले, त्यांत तो होता. त्यानं लेथवरचा कॅलिपर काकांसाठी ठेवला आणि निरोप घेतला नाही. बल्गेरियाच्या संसदेनं या प्रकाराचा निषेध केला तो २०१२मध्ये. काकांनी मला तो कॅलिपर दाखवला. तेल लावून फडक्यात गुंडाळलेला होता. देशादेशांत शांतता असताना एका कारखान्यात, दोन लेथांच्या मधल्या चार फुटांत जे घडलं त्याला काय म्हणायचं, हे त्यांना चाळीस वर्षांत कळलेलं नाही. कामगारांनी त्या दिवशी यंत्रं थांबवायला हवी होती, एवढं मात्र ते तीनदा म्हणाले.

१ जानेवारी २०२६ला बल्गेरियात युरो आला. मैत्रिणीनं घरी फोन लावला तेव्हा मी शेजारीच होते. काकू म्हणाल्या, दुकानात सगळे जण नाणी उलटीपालटी करून बघताहेत. एक लेव्हच्या नाण्यावर संत इव्हान रिल्स्की होते, एक युरोच्या नाण्यावरही तेच आहेत, त्यामुळे म्हाताऱ्यांना जरा धीर आलाय. भाव वाढणार का, पेन्शन पुरणार का, याचं उत्तर कुणाकडे नाही. काकांनी फोन घेतला आणि लेकीला विचारलं, 'तुमच्याकडे आमचं नाणं चालेल ना?' ती म्हणाली, चालेल, बाबा, सगळीकडे चालेल. 'बघ हं, आलं की सांग.'

फेब्रुवारीत एका रात्रपाळीला आम्ही दोघी रुग्णालयाच्या तळमजल्यावर चहाच्या मशीनपाशी उभ्या होतो. तिनं पाचची नोट घातली, खाली नाणी खळखळली. ती वेचता वेचता थांबली. एका युरोच्या नाण्यावर दाढीवाला संत होता, आणि भोवती सिरिलिक अक्षरं. तिनं ते दिव्याखाली धरलं, दोन्ही बाजूंनी फोटो काढला आणि काझानलकला पाठवला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते. मिनिटाभरात काकांचं उत्तर आलं. म्हणजे ते जागेच होते.

तिचा चहा अजून घ्यायचा होता. ते नाणं तिनं गणवेशाच्या खिशात टाकलं, वरून बटण लावलं. मग मी माझ्याकडची चिल्लर काढली.